निपाणीला गेलेला कॉम्प्युटर

लुधियाना
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

अण्णा,

शाळेत पत्राच्या वर 'तीर्थरूप' लिहायला शिकवलतं. आठवीत शाळा सोडली तरी तेवढं ध्यानात हाय. पर थोरला भाऊ असलास तरी तुला ते लिहायला हात धजंना, म्हणून नुसतं अण्णा. फोन केला असता, पर तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस. कागदाला ब्लॉक करता येत न्हाय. पोस्टमन बेळगावच्या वडगावात आपल्या दारात टाकून जाणारच. फाडायचं असलं तर वाचून फाड.

सौम्याक्काचा फोन आलता. म्हणाली, अण्णा कॉम्प्युटर बदलायचा म्हणतोय. मी म्हटलं, कुठला अण्णा? आपला? तर म्हणाली, व्हय, आपलाच. सौम्याच्या डोळ्याला तरास होतोय म्हणतो, नवा घेऊया म्हणतो.

खरं सांगतो, ऐकून मी भाकरी ताटात तशीच ठेवली. इथं दिवसभर तेजाबाचा, ॲसिडचा, वास घेऊन पण मी भाकरी टाकत न्हाय.

आक्का किती वर्सं त्या कोपऱ्यात बसून साड्यांच्या बुट्ट्या काढतीय. वडगावातले निम्मे मागवाले तिच्याकडनं पदर आन् काठ काढून नेतात. बसायला तिला तेलाचा डबा, त्यावर पोतं. मी एकदा म्हटलं खुर्ची आण, तर तू म्हणालास, डब्यावर बसलं की पाठ सरळ राहती. आन् आता तिच्या डोळ्याची काळजी? डोळे तिला काल फुटले व्हय रं?

म्हातारा झालाय तो कॉम्प्युटर, हे मला मान्य हाय. बटण दाबून आक्का अंगण झाडून येती तवा कुठं तो जागा होतो. मोठा पदर उघडला की मधीच थिजतो. पर खासबागातल्या ज्या दुकानदाराकडनं ती दुरुस्ती करून घेती त्यानं बघितलंय. तो म्हणाला, आतली डिस्क बदला, मेमरी वाढवा, आणि चार-पाच वर्सं ओढंल. हे तुला आक्कानं सांगितलं. तर तू म्हणालास, जुनं विंडोज ऑक्टोबरात बंद होणार, नवं त्याच्यात बसत न्हाय, मंग व्हायरस येतील. आरं, आक्का त्याला नेट लावतच न्हाय. नक्षी काढती, पेनड्राइव्हवर घेती, मागवाल्याच्या हातात देती. व्हायरस काय अनगोळच्या नाक्यावरनं चालत येणार हाय?

मला कॉम्प्युटरमधलं कळत न्हाय. मला फोडायला कळतं. आमच्या गलाईच्या दुकानात जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पाट्या पोत्यानं येतात. त्या आम्ही तेजाबात बुडवतो आन् खाली बसलेलं सोनं आटवतो. पिवळा धूर निघतो, दातावर बसतो, भाकरीला पण तोच वास. इथं एक कळलं, लोक बिघडलं म्हणून टाकत न्हायीत. शेजाऱ्यानं नवं आणलं म्हणून टाकतात. किळस येती.

तर डिस्क बदल आन् गप बस. न्हायतर खरं कारण सांग.

रविराज

*

लुधियाना
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

अण्णा,

तू कारण सांगितलं न्हायस. मला दुसरीकडनं कळलं.

माझ्यासंगं इथं भरमू म्हणून एक जण हाय, निपाणीचा. परवा पाट्या फोडता फोडता म्हणाला, "काय रव्या, आमच्या गावाला पाव्हणं होणार म्हणं तुम्ही?" मी म्हटलं, कसलं पाव्हणं? तर म्हणाला, "जयाबाईचा सौरव. साडीच्या दुकानवाला. तुझी बहीण करून घेणार म्हणून गल्लीभर झालंय. पोरगी येणार, संगं कॉम्प्युटर येणार."

संगं कॉम्प्युटर येणार. हे निपाणीच्या गल्लीला म्हाईत, आन् मला म्हाईत न्हाय.

मी आईला फोन लावला. आई तुझ्या धाकानं फोन घेऊन मागल्या दारी गेली. मंग हळूच म्हणाली, गणपती बघायला म्हणून आलती ती माणसं. गणपतीपुढं पाया पडली, मोदक खाल्ला, आन् अर्धा तास कॉम्प्युटरपुढं उभी. त्या पोरानं आक्काच्या तोंडाकडं एकदा बघितलं आन् नक्षीचे फोटो मात्र मोबाईलवर धडाधड काढले. जयाबाई म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. एवढं डबडं तेवढं बदला. आमच्या घरात ते शोभणार न्हाय."

आन् तू मान हलवलीस. डोळ्याला तरास म्हणं! थू.

आता भरमूनं पुढचं सांगितलं ते ऐक. ह्या लोकांचे माग न्हायीत, साड्या ते आपल्या वडगावातनंच विणून घेतात. नक्षी काढायला त्यांच्याकडं एक पगारी माणूस होता. त्याला गेल्या महिन्यात काढून टाकला. का काढला? सून येणार म्हणून. सुनेला पगार नसतोय. तुला हे म्हाईत हाय का न्हाय, हे मला कळायला मार्ग न्हाय. म्हाईत नसंल तर तू खुळा हायस. म्हाईत असंल तर तुला काय म्हणायचं ते मी कागदावर लिहीत न्हाय, कागद आई पण वाचती.

आन् पितृपक्षात कोण पोरीची बोलणी पुढं नेतं रं? आप्पांचं पान वाढायच्या दिवसांत तू निपाणीला जाऊन चहा पिऊन आलास. आप्पा असते तर त्यांनी तुला मागाच्या धोट्यानं हाणला असता. पर धोटा पण आता कुठाय? आप्पा गेल्यावर दोन्ही माग भंगारात घातलेस आन् पतसंस्थेत पंख्याखाली जाऊन बसलास. मी माग चालवणारा. मी काय चालवायचं? म्हणून हिकडं आलो. आपल्या घरात मागवाल्याचं म्हणून काय उरलं असंल तर तो कॉम्प्युटर उरलाय, आन् तोबी तू वाटेला लावतोयस.

मी आक्काला म्हटलं, तू न्हाय म्हण. मला वाटलं रडंल. तर माझ्यावरच खेकसली. "का न्हाय म्हणू? माणूस बरा असंल तर जाईन की. तुमच्या घरात डब्यावर बसून म्हातारी होऊ? तू तिकडं बसून तोंड वाजवतोस, तो हितं बसून मान हलवतो. मला कोण विचारतंय?"

मी विचारलं, मंग तुला काय पाहिजे?

म्हणाली, "काम पाहिजे. माझ्या नक्ष्या माझ्याजवळ पाहिजेत. मी कुणाची सून झाले तरी वडगावचे मागवाले माझ्याकडं आले पाहिजेत. एवढं चालत असंल तर निपाणी काय आन् बेळगाव काय."

मला ते पण आवडलं न्हाय, खरं बोलतो. पर ते तिचं तिनं बघायचं. तू त्या लोकांना एवढं एकच विचार, लग्नानंतर तिला बाहेरची कामं घेऊ देणार का? ह्याचं उत्तर घे, मंग जुना ठेव न्हायतर नवा घे.

रविराज

*

लुधियाना
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

अण्णा,

तू विचारलं न्हायस. आक्कानंच विचारलं, ते पण खंडेनवमीला, पाव्हण्यांच्या तोंडावर. आई आन् आक्का दोघींकडनं मी सगळं ऐकलं. तू तिथं हजर होतास, तरी तुला सांगतो, कारण तुला ते दिसलं नसणार. तू जयाबाईच्या तोंडाकडं बघत होतास.

आपल्यात खंडेनवमीला काय करतात हे तुला मी शिकवायला पाहिजे? माग पुसायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडून पाणी शिंपडायचं. आन् दसऱ्याचं सोनं वाटून होईस्तोवर हत्याराला हात लावायचा न्हाय. आप्पा त्या दिवशी बोबीन सुद्धा हलवू द्यायचे न्हायीत. माग गेल्यापासनं आई कॉम्प्युटरची पूजा करती. बिचारीला घरात दुसरं हत्यार दिसत न्हाय. कॉम्प्युटरच्या डब्याला माळ, पडद्यावर भस्माची तीन बोटं, वर लिंबू. आन् नारळाचं पाणी, मागावर शिंपडायचं तसंच, सढळ हातानं.

आन् नेमकं त्याच दिवशी तू त्यांना बोलावलंस. सुट्टी हाय म्हणून.

सौरव म्हणाला, "जुन्यात नक्ष्या किती हायीत ते बघूया, म्हणजे नवा केवढा घ्यायचा ते कळंल." म्हणजे बायको बघून झाली, आता गोडाऊन बघायचं.

आक्का म्हणाली, "आज लावत न्हाय आम्ही. पूजेला बसलाय."

जयाबाई हसली. "अगं बाई, कॉम्प्युटर कसलं हत्यार? मंग मोबाईलच्या चार्जरला पण कुंकू लावा की!"

स्वतः साड्या विकून खाणारी बाई. मागवाल्याच्या घरात बसून, मागवाल्याच्या पूजेला हसली. आन् संगं तू हसलास. आई तुझं नाव घेऊन म्हणाली, महादेव बी हसला गं बाई. हे सांगताना तिचा आवाज कसा झालता हे तुला ऐकायला पाहिजे होतं.

आक्का परत म्हणाली, "अण्णा, ओलं हाय ते. हात लावू नको."

तर तू म्हणालास, "सौम्या, पाव्हण्यांसमोर शानपणा नको." आन् गेलास, माळ बाजूला सारलीस, बटण दाबलंस.

पंखा फिरला. झेंडूच्या चार पाकळ्या आत ओढल्या. मंग फट्ट आवाज, आन् खोबरं करपल्याचा वास. आन् घरातली लाईट गेली. अंधारात सौरव म्हणाला म्हणं, "हे काय, प्रसाद भाजताय का?"

हे ऐकून मला हसू आलं. मंग हसू आलं म्हणून माझीच मला किळस आली.

लाईट आल्यावर जयाबाई म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते? डबडं ते. उद्या दसरा हाय, मुहूर्त हाय, नवाच घ्या. हितं आणू नका, सरळ निपाणीला पाठवा. आन् ह्यातलं सगळं त्यात भरून द्या."

तवा आक्कानं विचारलं. पदर खोचून, भस्माचं बोट पुसत, सरळ विचारलं. "लग्नानंतर वडगावच्या मागवाल्यांची कामं मी घेतली तर चालंल काय?"

जयाबाई म्हणाली, "बाहेरच्यांची कशाला गं? घरचंच काम तुला पुरून उरंल."

आक्का म्हणाली, "बरं." आन् चहा टाकायला आत गेली.

तुला वाटलं, तिनं होकार दिला. मला पण फोनवर तसंच वाटलं, आन् मी तिला तोंडाला येईल ते बोललो. तिनं ऐकून घेतलं आन् म्हणाली, "झालं बोलून? आता ठेव."

खासबागातला दुकानदार सांगून गेला, पाणी जाऊन करंट देणारा डबा तेवढा जळलाय, डिस्क शाबूत हाय, नक्ष्या शाबूत हायीत. पर ह्यो कागद आईच्या हाताला लागू देऊ नकोस, आन् तिला हे सांगू नकोस. नारळाचं पाणी तिनंच शिंपडलतं. तिला वाटतंय पूजेतल्या हत्याराला हात लावलास म्हणून देव कोपला. तेवढं पाप तुझ्याच डोक्यावर राहू दे.

आन् तू दसऱ्याला नवा घेतलास म्हणं. भला मोठा पडदा, आत रंगीत लाईट. डब्यावर बसवलेल्या बहिणीला कधी खुर्ची आणली न्हायस, आन् निपाणीच्या दुकानासाठी खुर्चीसकट घेतलास. टेम्पोला हार घालून पाठवलास. मला ह्याच्यावर जास्त लिहवत न्हाय. तेजाबाच्या टाकीजवळ गेलो की डोळ्यातनं पाणी येतं, ते धुरानं येतं, हे मला म्हाईत हाय. आज टाकीपासनं लांब बसलोय.

रविराज

*

लुधियाना
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

काल मोबाईलवर तुझं नाव दिसलं. मला वाटलं आईला काय झालं. उचलायच्या आधी आक्काला दुसऱ्या फोनवरनं विचारलं, तर म्हणाली, आई ठणठणीत हाय, तुळशीच्या लग्नाला ऊस शोधत हिंडतीय. मंग मी तुझा उचलला न्हाय. दोन वर्सांनी ब्लॉक काढलास, कशासाठी काढलास हे आक्कानं सांगितलंच. मी हसून हसून खोकलो. भरमूला सांगितलं तर तो पोत्यावर लोळला.

मला जे कळलंय ते असं. तू दुकानदाराला सांगितलंस, जुन्यातलं सगळं नव्यात भर. दुकानदार आक्काला शाळेपासनं ओळखतो. त्यानं तिला विचारलं, भरू काय? ती म्हणाली, "नको. कॉम्प्युटर अण्णाचा हाय, त्यानं कुणालाबी द्यावा. नक्ष्या माझ्या हायीत." त्यानं भरल्या न्हायीत. नवा कोरा, जसा खोक्यातनं निघाला तसाच निपाणीला गेला. आन् तिनं हे कुणापासनं लपवलं न्हाय. तुला सांगितलं होतं म्हणं, जेवताना. तू मोबाईल बघत 'हं' म्हणालास.

तिकडं त्यांनी मुहूर्त बघून, माणसं बोलावून, पेढा ठेवून कॉम्प्युटर लावला. मंग जयाबाईचा फोन आला. तू मोठ्या रुबाबात स्पीकरवर टाकलास.

"अवो, ह्यात काय बी न्हाय की! नुसता डोंगर आन् तळं दिसतंय!"

मागनं सौरव ओरडला, "आई, डोंगरावर दाब, आत असंल!"

हे आईनं मला चार वेळा सांगितलं. दर वेळी डोंगराशी आली की तिला पुढं बोलवत न्हाय.

मंग आक्कानं तुझ्या हातातनं फोन घेतला. ओरडली न्हाय, काय न्हाय. म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटर आमच्या भावानं दिलाय, तो तुमचा. नक्षी मी दिलेली न्हाय. मी बाहेरचं काम घेणार, हे तुम्हाला चालत न्हाय. मंग मी येत न्हाय."

जयाबाई म्हणाली, "पोरी, तू त्या दिवशी बरं म्हणालीस की!"

आक्का म्हणाली, "तुमचं म्हणणं कळलं म्हणून बरं म्हणाले."

आन् फोन तुझ्या हातात देऊन ती भाकरी थापायला गेली. तू तिच्यावर हात उगारलास. आई मधी पडली. एवढी एक गोष्ट आक्कानं सांगितली न्हाय, आईनं सांगितली. त्याच्यासाठी मी तुला माफ करणार न्हाय, मी हितं असो न्हायतर तिथं.

सौरवचा म्हणं नंतर मेसेज आला. 'लग्नाचं जाऊ दे, दोन-तीन बुट्ट्या तरी पाठवा.' आक्कानं वाचून दाखवला. मी म्हटलं, वाईट वाटतंय काय गं? म्हणाली, "जरासं. माणूस बरा असता तर कोऱ्या कॉम्प्युटरचं त्याला हसू आलं असतं. मी त्याच हसण्याची वाट बघत होते, रव्या."

मला वाटायचं तिचं वाईट मलाच जास्त कळतं. घंटा कळत न्हाय.

जुन्याला तिनं तिच्या कामाच्या पैशातनं नवी डिस्क घातली, तो जळका डबा बदलला. पर तुझ्या घरात ठेवला न्हाय. जवळच शहापूरला अंबुबाई नावाच्या बाईच्या माडीवर भाड्यानं एक खोली घेतलीय, दोन मागवाल्यांनी मिळून टेबल दिलंय. सकाळी जाती, सांजच्याला येती. तू तिला अडवायला दारात उभा राहिलास म्हणं. आई म्हणाली, "महादेवा, बाजूला हो, तिला उशीर होतोय." आईनं तुला कधी बाजूला हो म्हटलेलं मी तरी ऐकलं न्हाय.

आन् आता तुझं काम. तू फोन केलतास तो ह्यासाठी, की मी यावं, भरमूच्या वळखीनं दोघांनी निपाणीला जावं, चार माणसं घालून तो कॉम्प्युटर परत मागावा. जयाबाई देईना. म्हणती, दिलेली वस्तू परत मागायची रीत न्हाय. पहिल्यांदा ती बाई खरं बोललीय. भरमूच्या घरच्यांनी बघितलाय, दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलाय, लाईट लावून. गिऱ्हाईक आलं की बघतंय. सौरव त्याच्यावर पत्ते खेळतोय.

आक्काला मी विचारलं, आणू काय? म्हणाली, "होगली बिडु. जाऊ दे. मला नको."

अण्णा, माझं ऐक. लोकांच्यात पोरगी सासरी जाती आन् संगं सामान जातं. आपल्यात सामान एकटंच गेलं. हार घालून, टेम्पोत बसवून तूच पाठवणी केलीस. आता ते तिथं नांदतंय तर नांदू दे. आन् न्हायच राहवलं, तुझं तुला कासावीस झालं, तर पुढच्या सणाला पिशवीत नारळ आन् खण घे, निपाणीच्या यष्टीत बस, जयाबाईच्या पायरीवर चप्पल काढ आन् माहेरपणाला न्यायला आलोय म्हणून सांग.

मुराळी तूच हो. मी येणार न्हाय.

रविराज